लहान मुलाचा ताप घरी कसा सांभाळायचा: आकड्याकडे बघायचं की मुलाकडे?

लहान मुलाला ताप आला की घरात एकाच वेळी उलटसुलट सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं पांघरुणात गुंडाळून ठेव, घाम आला की उतरेल, कुणी म्हणतं सगळे कपडे काढ आणि गार पाण्याने पूस, तेवढ्यात फोनवरून कुणीतरी सांगतं की एकाच औषधावर थांबू नको, दोन आलटून पालटून दे, आणि या सगळ्यात थर्मामीटर १०३ दाखवत असतो आणि आईबाबांच्या हातापायातलं बळ गेलेलं असतं. प्रत्येकजण काळजीपोटीच सांगतो, पण हे सगळे सल्ले एकदम बरोबर असू शकत नाहीत. कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा हे कळायला आधी ताप म्हणजे शरीरात नक्की काय चाललेलं असतं ते समजून घ्यावं लागतं, आणि ते अजिबात अवघड नाहीये.

हा लेख साधारण १ ते ३ वर्षांच्या मुलांबद्दल आहे. बाळ ३ महिन्यांपेक्षा लहान असेल आणि ताप १००.४ किंवा त्याच्या वर असेल तर घरी काहीही करत बसू नका, रात्र असो की दिवस, सरळ डॉक्टरकडे न्या. इतक्या लहान बाळात ताप हे एकच लक्षण असलं तरी आत मोठं इन्फेक्शन असू शकतं आणि ते बाहेरून ओळखता येत नाही.

## ताप म्हणजे शरीराने स्वतःच वाढवलेलं सेटिंग

आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग असतो, शरीराचं तापमान किती ठेवायचं हे तो ठरवतो. गीझरला जसं एक सेटिंग असतं, पाणी त्याच्यापेक्षा गार असेल तर कॉइल चालू आणि तिथपर्यंत पोचलं की बंद, तसंच काहीसं. एरवी हे सेटिंग ९८.६ फॅरनहाइटच्या, म्हणजे ३७ सेल्सिअसच्या आसपास असतं. व्हायरस किंवा बॅक्टेरिया शरीरात शिरले की आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी काही रसायनं सोडतात, त्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य वाढतं, आणि ते सेटिंग वर सरकवतं, समजा १०३ वर नेऊन ठेवतं.

आता गंमत अशी की मुलाचं अंग अजून ९९ वर असतं आणि मेंदूला हवंय १०३, म्हणजे मेंदूच्या हिशोबाने मूल 'गार' पडलेलं असतं. मग तो उष्णता वाढवायला लागतो, मुलाला हुडहुडी भरते, स्नायू थरथरतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात म्हणजे आतली उष्णता बाहेर जायला नको. म्हणूनच पोट आणि कपाळ तव्यासारखं आणि हातपाय मात्र गारेगार असं होतं, आणि ते बघून घरचे घाबरतात, पण ताप चढत असताना हे होतंच. पुढे सेटिंग खाली आलं की सगळं उलटं होतं, त्वचा लालसर होते, घाम फुटतो आणि अंग निवतं. म्हणजे घाम आल्यामुळे ताप उतरत नाही, ताप उतरायला लागला म्हणून घाम येतो. पांघरुणात गुंडाळून घाम काढायच्या सल्ल्यात नेमकी हीच गडबड आहे.

पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही दोन औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार व्हायचं कमी करतात, म्हणजे सेटिंगच खाली आणतात. गार पाणी, बर्फ, पंखा हे सेटिंगला हातसुद्धा लावत नाहीत, ते फक्त बाहेरून अंग गार करायला बघतात आणि मेंदू आतून पुन्हा तापवायला बघतो. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आणि हे सेटिंग शरीर उगाच वाढवत नाही. बऱ्याच व्हायरसना वाढीव तापमानात आपली संख्या वाढवणं जड जातं आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी मात्र जरा जोमाने काम करतात. म्हणून ताप हा आजार नाही, आजाराशी चाललेल्या झगड्याचा भाग आहे.

फक्त एक वेगळी परिस्थिती इथेच सांगून ठेवते. बंद गाडीत राहिल्यामुळे किंवा कडक उन्हात मुलाचं अंग तापलं असेल तर तो हा ताप नव्हे. तिथे सेटिंग जागेवरच असतं, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. त्याच्यावर पॅरासिटामॉलचा काही उपयोग नाही, तिथे मुलाला लगेच सावलीत किंवा थंड जागी नेऊन कपडे काढून पाण्याने गार करायचं आणि त्याच वेळी अँब्युलन्स बोलवायची, एक मिनिटही थांबायचं नाही.

## किती असला की ताप म्हणायचा

१८६८ मधे कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरने हजारो रुग्णांचं तापमान मोजून ३७ सेल्सिअस हा आकडा मांडला आणि तो आपल्या सगळ्यांच्या मनात असा रुतून बसला की ९९ दिसलं तरी लोकांना धसका बसतो. खरं तर निरोगी माणसाचं तापमान दिवसभर बदलत असतं, पहाटे सगळ्यात कमी आणि संध्याकाळी सगळ्यात जास्त. लहान मुलं तर धावली, रडली, जाड कपड्यात झोपली तरी जरा गरम लागतात. डॉक्टर साधारणपणे १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस आणि त्याच्या वर असेल तर ताप धरतात.

हात लावून 'अंग गरम आहे' एवढंच कळतं, किती ते नाही, आणि आपलाच हात गार असेल तर तेही चुकतं. साधा डिजिटल थर्मामीटर पुरतो. काखेत लावताना टोक नीट त्वचेला टेकलेलं पाहिजे, मधे कपडा नको, हात अंगाशी धरून ठेवायचा आणि बीप वाजेपर्यंत काढायचा नाही. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा जवळपास १ फॅरनहाइट कमी येऊ शकतो. त्यात मनाने १ मिळवून डॉक्टरांना सांगू नका, जो दिसला तो सांगा आणि काखेत मोजला हेही सांगा, हिशोब त्यांना करू द्या. कपाळासमोर धरायची यंत्रं सोयीची आहेत पण घाम, वारा, किती लांब धरलं याने आकडा हलतो, त्यामुळे शंका आली की काखेत लावून खात्री करा. घरात काचेचा पाऱ्याचा जुना थर्मामीटर असेल तर तो लहान मुलाला लावू नका, फुटला तर काच आणि पारा दोन्ही धोक्याचे.

अंघोळ घातल्यावर किंवा पांघरुणातून काढल्या काढल्या लगेच मोजू नका, १५ ते २० मिनिटं जाऊ द्या. आणि दर १० मिनिटांनी मोजत बसण्यात काही अर्थ नाही, मूल वैतागतं आणि आपली धडधड वाढते.

## पण १०४ ताप डोक्यात गेला तर?

ही सगळ्यात मोठी भीती. ताप वाढत वाढत मेंदूपर्यंत जाईल आणि मूल कायमचं अधू होईल, असं पिढ्यानपिढ्या सांगितलं गेलंय. १९८० मधे बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी आईवडिलांच्या या धास्तीचा अभ्यास करून तिला 'फीव्हर फोबिया' असं नावच दिलं, म्हणजे ही भीती कुठल्या एका घरातली नाही, जगभरची आहे.

इन्फेक्शनमुळे येणाऱ्या तापात सेटिंग मेंदूच्याच ताब्यात असतं आणि त्याला वरची मर्यादा असते. अशा तापात शरीर १०६ च्या पुढे क्वचितच जातं. मेंदूला उष्णतेनेच इजा व्हायची तर तापमान साधारण १०७.६ म्हणजे ४२ सेल्सिअसच्या पुढे जावं लागतं, आणि ते मुख्यतः वर सांगितलेल्या बंद गाडीसारख्या प्रसंगात होतं. मेंदूज्वरात मेंदूला इजा होते ती इन्फेक्शनमुळे, तापाच्या आकड्यामुळे नाही, आणि तो आजार ओळखायचा असतो तो आकड्यावरून नव्हे, मुलाच्या वागण्यावरून.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं हेच आहे की थर्मामीटरपेक्षा मुलाकडे जास्त वेळ बघा. १०३ ताप असलेलं मूल औषधानंतर तासाभरात उठून खेळण्याला हात लावत असेल, पाणी पीत असेल, तुमच्याकडे बघून हसत असेल तर ते बऱ्यापैकी ठीक आहे. आणि १०१ च असलेलं मूल मलूल पडून असेल, हाक मारली तरी नजर देत नसेल तर ते ठीक नाही, आकडा कमी असला तरी. याचा अर्थ मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करा असा नाही, १०४ किंवा त्याच्या वर गेला तर डॉक्टरांना दाखवायचंच, पण ते कारण शोधण्यासाठी, ताप डोक्यात गेला म्हणून नव्हे.

## आधी पाणी, मग बाकीचं

तापात शरीराचं इंजिन जोरात चालतं, दर १ सेल्सिअसमागे ऊर्जेचा खर्च साधारण १० टक्क्यांनी वाढतो, श्वास जलद होतो, त्वचेतून पाणी जास्त उडतं, आणि त्याच वेळी मुलाला काही प्यावंसं वाटत नसतं. लहान अंगात पाण्याचा साठाच कमी, त्यामुळे तापाच्या आकड्याआधी मला काळजी वाटते ती डिहायड्रेशनची.

एकदम ग्लासभर पाजायला गेलात तर मूल तोंड फिरवेल किंवा उलटी करेल. त्यापेक्षा दर काही मिनिटांनी एखादा चमचा, दोन घोट, असं चालू ठेवा. अंगावर पिणाऱ्या मुलाला हवं तेव्हा हवं तितकं पिऊ द्या, तापात दूध बंद करायची काही गरज नाही. जुलाब किंवा उलट्या असतील तर ओआरएस द्या, पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच कालवा, कमीजास्त केलं तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. जेवणाची जबरदस्ती नको, दोन दिवस कमी खाल्लं तर बिघडत नाही, दोन दिवस कमी प्यायलं तर बिघडतं.

पाणी पुरतंय की नाही हे शूवरून कळतं. डायपर नेहमीसारखा जड होतोय का, शू गडद पिवळी तर नाही, रडताना डोळ्यात पाणी येतंय का, जीभ ओलसर आहे का. ८ तासांत शूच झाली नसेल तर ती डॉक्टरकडे जायची वेळ आहे, मग ताप ९९ का असेना.

कपड्यांचं साधं आहे. एकच हलका सुती थर. हुडहुडी भरली असेल तोपर्यंत पातळ पांघरूण घाला कारण त्या वेळी मुलाला खरंच थंडी वाजत असते, थरथर थांबली की काढा. जाड पांघरुणात बांधून ठेवलं तर उष्णता बाहेर पडायला वाटच राहत नाही, आणि पूर्ण उघडं ठेवलं तर मूल कुडकुडतं आणि कुडकुडण्याने उष्णता अजून तयार होते. खोलीत हवा खेळती ठेवा, पंखा चालू असला तरी चालेल फक्त झोत थेट अंगावर नको.

## औषध: वयावर नाही, वजनावर

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण घरी ताप सांभाळताना खरा धोका अनेकदा तापात नसतो, बाटलीत आणि चमच्यात असतो.

पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस मुलाच्या दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम असतो. दोन डोसमधे ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे १० किलोच्या मुलाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम. इथपर्यंत सोपं आहे, घोळ पुढे होतो, कारण हेच औषध वेगवेगळ्या ताकदीत मिळतं. एका सिरपमधे ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात तेवढ्याच ५ मिलिलिटरला २५० असतं, आणि ड्रॉप्समधे तर १ मिलिलिटरलाच १०० असतं. म्हणजे या १० किलोच्या मुलाला पहिल्या सिरपचे ५ मिलिलिटर बरोबर, दुसऱ्याचे अडीच, आणि ड्रॉप्सचे साधारण १.२ मिलिलिटर. आता समजा नेहमीची बाटली संपली, नवीन आणली ती ड्रॉप्सची, आणि घाईत कुणी सवयीने ५ मिलिलिटर दिले तर मुलाच्या पोटात एकदम ५०० मिलिग्रॅम जातं, हव्या त्याच्या चौपट.

म्हणून 'एक चमचा दे' हे वाक्य घरातून हद्दपारच करा. बाटलीवर किती मिलिलिटरला किती मिलिग्रॅम ते दर वेळी वाचा, मुलाचं आत्ताचं वजन माहीत असू द्या, सहा महिन्यांपूर्वीचं नको, आणि 'माझ्या मुलाला या बाटलीतलं किती मिलिलिटर' हे डॉक्टरांकडून एकदा लिहून घेऊन बाटलीवरच चिकटवा. मोजायला बाटलीबरोबरचं माप किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा, स्वयंपाकघरातला चमचा नको, ते लहानमोठे असतात. औषध दिलं की वेळ लिहून ठेवा, जिथे घरातल्या सगळ्यांना दिसेल तिथे. आईने ८ ला दिलं, बाबांना माहीत नव्हतं, त्यांनी ९ ला पुन्हा दिलं, हे फार सहज होतं.

दुसरा सापळा म्हणजे सर्दीखोकल्याची औषधं. त्यातल्या बऱ्याच मिश्रणांमधे आधीच पॅरासिटामॉल असतं, मग सर्दीचं सिरप वेगळं आणि तापाचं वेगळं दिलं की नकळत दुप्पट डोस जातो. इतक्या लहान मुलांना सर्दीची मिश्रणं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नका. पॅरासिटामॉल योग्य मापात अतिशय सुरक्षित आहे पण मापाबाहेर गेलं की लिव्हरला इजा करतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पहिले २४ तास मूल अगदी ठणठणीत दिसू शकतं. जास्त डोस गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता बाटली बरोबर घेऊन हॉस्पिटल गाठा. त्याच्यावर उतारा आहे आणि तो लवकर दिला तरच नीट लागू पडतो.

आयबुप्रोफेनही चालतं, डोस दर किलोला ५ ते १० मिलिग्रॅम, ६ ते ८ तासांच्या अंतराने. पण ६ महिन्यांखालच्या बाळाला नाही, मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं असेल तर नाही कारण किडनीवर ताण येतो, कांजिण्या असतील तर नाही, आणि डेंग्यूची शक्यता असेल तर अजिबात नाही कारण रक्तस्राव वाढू शकतो. नक्की काय झालंय हे माहीत नसताना आपल्या मनाने सुरुवात करायची तर पॅरासिटामॉलच बरं. अ‍ॅस्पिरिन लहान मुलाला द्यायचं नाही, व्हायरल तापात त्यातून राय सिंड्रोम नावाचा लिव्हर आणि मेंदूचा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. मोठ्यांच्या गोळीचा अर्धा-पाव तुकडाही नको.

## औषध दिलं तरी ताप का उतरत नाही?

अपेक्षा चुकीची असते म्हणून तसं वाटतं. औषधाचा असर दिसायला अर्धा ते एक तास लागतो आणि चांगला असर झाला तरी ताप साधारण २ ते ३ फॅरनहाइटने खाली येतो. म्हणजे १०४ चा १०२ झाला तर औषधाने काम केलंय. तो ९८.६ वर यायलाच हवा असं काही नाही. आणि ४-५ तासांनी असर ओसरला की ताप पुन्हा चढतो, कारण आजार अजून आहे, औषधाने आजार बरा होत नाही, तो सुरू असताना मुलाला आराम मिळतो एवढंच.

मग औषध कधी द्यायचं? मूल किरकिर करतंय, अंग दुखतंय, पीत नाहीये, झोपू शकत नाहीये, तेव्हा द्यायचं. १०१ आहे पण मजेत खेळतंय तर नाही दिलं तरी चालतं. आणि शांत झोपलेल्या मुलाला फक्त डोसची वेळ झाली म्हणून उठवू नका, झोप त्याला जास्त गरजेची आहे, मधून मधून श्वास आणि रंग बघा, बास. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत सगळी उलटी झाली तर तेवढाच डोस एकदा परत देता येतो, अर्ध्या तासानंतर झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

## दोन औषधं आलटून पालटून दिली तर लवकर बरं वाटेल ना?

आकडा थोडा जास्त काळ खाली राहू शकतो, पण मूल त्याने लवकर बरं होत नाही. आणि दोन बाटल्या, दोन मापं, दोन वेगळी अंतरं, रात्रीची अर्धवट झोप, यात चूक व्हायची शक्यता मात्र भरपूर वाढते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक सूचना असं सांगते की दोन्ही एकाच वेळी देऊ नका, आणि एकाने मुलाची तगमग कमी होत नसेल किंवा पुढच्या डोसआधीच परत सुरू होत असेल तरच दुसऱ्याचा विचार करा. मी तर म्हणेन तोही डॉक्टरांशी बोलून.

## पाण्याच्या पट्ट्यांनी काहीच होत नाही का?

अंग वरवर गार होतं, थोडा वेळ. पण सेटिंग १०३ लाच असतं, त्यामुळे पट्टी काढली की अर्ध्या तासात पुन्हा होतं तसं. पाणी गार असेल तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, मूल कुडकुडतं, आतली उष्णता आतच राहते आणि मूल रडून हैराण होतं ते वेगळंच. म्हणून आता स्पंजिंग करा असं सहसा सांगितलं जात नाही. तुमच्या मुलाला कपाळावर साध्या पाण्याचा ओला रुमाल आवडत असेल, बरं वाटत असेल तर ठेवा की, त्याने नुकसान नाही. फक्त बर्फ नको, बर्फाचं पाणी नको, आणि स्पिरिट किंवा अल्कोहोल तर कधीच अंगाला चोळू नका, ते त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातं, साखर एकदम उतरते आणि मूल बेशुद्धही पडू शकतं.

## आकडी आली तर?

ज्याने हे एकदा बघितलंय त्याला ते आयुष्यभर विसरता येत नाही, त्यामुळे भीती वाटणं अगदी साहजिक आहे. ६ महिने ते ५ वर्षं या वयात दर १०० मुलांपैकी २ ते ५ मुलांना तापात आकडी येते. मूल ताठ होतं, डोळे फिरवतं, हातपाय झटके देतात, शुद्ध हरपते. बहुतेक वेळा २-३ मिनिटांत आपोआप थांबते आणि अशा साध्या आकडीने मेंदूला इजा होत नाही, पुढे अभ्यासात वगैरेही मूल मागे पडत नाही.

अशा वेळी मुलाला सपाट जागी कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार काही असेल ते सरकवा, गळ्याशी घट्ट कपडा असेल तर सैल करा आणि घड्याळात वेळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका, दात पडून किंवा ठसका लागून जास्त इजा होते. हातपाय दाबून धरू नका. ५ मिनिटांत थांबली नाही, श्वास नीट दिसत नाहीये, ओठ निळे पडले, तर अँब्युलन्स. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी त्याच दिवशी लगेच डॉक्टरकडे न्यायचं.

तापाचं औषध वेळेवर देऊन आकडी टाळता येते असं सगळ्यांना वाटतं, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. कधी कधी तर आकडी आल्यावरच कळतं की मुलाला ताप आहे. म्हणून आपल्या मुलाला आकडी आली तर 'मी डोस चुकवला म्हणून झालं' असं स्वतःला लावून घेऊ नका, ते खरं नाही.

## मग अँटिबायोटिक का नाही देत?

कारण या वयातले बहुतेक ताप व्हायरल असतात आणि अँटिबायोटिकचा व्हायरसवर काही परिणाम होत नाही. डॉक्टरांनी तपासून 'व्हायरल आहे, ३ दिवस बघू' असं सांगितलं तर त्यांनी टाळलं असं समजू नका. मागच्या वेळची उरलेली बाटली फ्रिजमधून काढून देऊ नका.

दातांचंही एक सांगायला हवं. दात येताना मूल किरकिरं होतं, लाळ गळते, अंग किंचित कोमट लागतं, पण १००.४ च्या वर ताप दातांमुळे येत नाही. 'दात येतायत' म्हणून सोडून दिलं आणि लघवीचं इन्फेक्शन राहून गेलं असं होऊ शकतं, विशेषतः ताप आहे पण सर्दी नाही खोकला नाही अशा वेळी डॉक्टर लघवी तपासायला सांगतात ती नक्की तपासा. लसीनंतरचा ताप मात्र अपेक्षित असतो, बहुतेक लसींचा पहिल्या २ दिवसांत, गोवराच्या लसीचा साधारण आठवड्याभराने.

## या गोष्टी दिसल्या तर घरी थांबू नका

मूल उठवूनही नीट जागं होत नसेल किंवा ओळख देत नसेल, रडणं कशानेच थांबत नसेल, मान वाकवता येत नसेल, डोक्यावरची टाळू अजून भरली नसेल आणि ती फुगलेली दिसत असेल. श्वास फार जलद चालू असेल, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगे पडत असतील, कण्हत असेल. ओठ, जीभ निळसर किंवा त्वचा राखाडी, डागाळल्यासारखी दिसत असेल. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर पारदर्शक ग्लासची बाजू त्यावर दाबून बघा, दाबल्यावरही ठिपके तसेच दिसले, फिके झाले नाहीत तर ताबडतोब हॉस्पिटल, तिथे मिनिटं महत्त्वाची असतात.

याशिवाय सतत उलट्या होऊन पोटात काही टिकत नसेल, एखादा हात किंवा पाय मूल वापरतच नसेल, ताप २-३ दिवसांच्या पुढे गेला असेल, किंवा एक दिवस उतरून मूल बरं झालं आणि परत जोरात चढला असेल तरी दाखवायचं. ताप ५ दिवसांवर गेला आणि डोळे लाल, ओठ फुटलेले, हातपाय सुजलेले असं काही असेल तर कावासाकी नावाचा आजार डॉक्टरांना तपासावा लागतो, त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो आणि उपचार पहिल्या १० दिवसांत मिळाले तर तो खूप कमी होतो.

मुलाला हृदयाचा, किडनीचा जुना आजार असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर हे सगळे नियम बाजूला ठेवून पहिल्याच तापाला तुमच्या डॉक्टरांना फोन करा.

आणि यातलं एकही लक्षण नसेल पण तुम्हाला आतून वाटतंय की आज हे मूल वेगळंच दिसतंय, नेहमीच्या तापासारखं नाहीये, तरीही जा. आईवडिलांच्या या वाटण्याला चांगले डॉक्टर खूप महत्त्व देतात. जाताना तापाचे आकडे आणि वेळा, कुठलं औषध किती मिलिलिटर कधी दिलं, शेवटची शू कधी झाली, एवढं लिहिलेला कागद आणि औषधांच्या बाटल्या बरोबर न्या.

## ताप गेल्यावर अंगावर पुरळ आलं, आता काय?

६ महिने ते २ वर्षांच्या मुलांमधे एक प्रकार बऱ्याचदा दिसतो, ३ ते ५ दिवस जोरात ताप, मग ताप एकदम जातो आणि त्याच सुमाराला छाती-पोटावर बारीक गुलाबी पुरळ उठतं. याला रोझिओला म्हणतात, हा व्हायरसच असतो आणि पुरळ बहुधा २-३ दिवसांत आपोआप जातं. लोक याला औषधाची अ‍ॅलर्जी समजून घाबरतात. ग्लास दाबून बघा, फिकं होत असेल आणि मूल खेळत असेल तर डॉक्टरांना दिवसा दाखवलं तरी चालतं, मध्यरात्री धावायची गरज नाही. भूक परत यायला आठवडा लागू शकतो, तोपर्यंत थोडं थोडं खाऊ द्या, आणि तापाचं औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही की मग पाळणाघरात पाठवा.